ग्रासाच्छादन आणि घर

धर्मशास्त्राच्या दायविभाग प्रकरणात एक यादी येते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात ती आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात थोड्या फरकाने तीच पुन्हा भेटते. नपुंसक, पतित, जन्मांध, जन्मबधिर, उन्मत्त, जड, मूक अशा माणसांना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा नाही, असे ती यादी सांगते. आधुनिक वाचक येथे थांबतो आणि संतापतो. तो संताप अनाठायी नाही. परंतु यादीच्या पाठोपाठ येणारे विधान सहसा दुर्लक्षित राहते. या साऱ्यांना वाटा नसला तरी आमरण ग्रासाच्छादन दिले पाहिजे, आणि जो ते देणार नाही तो पतित होतो. ग्रास म्हणजे घास, आच्छादन म्हणजे वस्त्र. पतित हा शब्दही वरच्याच यादीतला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या तरतुदीची धार कळते. जो भाऊ आपल्या जड भावाला उपाशी ठेवील, तो स्वतःच वाट्याला मुकणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसेल.

कल्याणीच्या चालुक्य दरबाराच्या छायेत मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने या यादीवर भाष्य करताना 'जड' शब्दाचा अर्थ अधिक काटेकोर केला. ज्याचे अंतःकरण विकल आहे आणि ज्याला आपले हित कशात व अहित कशात हे ठरवता येत नाही, तो जड. उन्मत्ताहून तो वेगळा मानला आहे. मनाचा विकार आणि बुद्धीची मंदता यांतला हा भेद पुढे आमच्या कायद्याच्या पुस्तकांतून शतकभर हरवला होता, म्हणून त्याची नोंद येथे करून ठेवतो. विज्ञानेश्वराने आणखी एक सवलत दिली. वाटणीनंतर औषधोपचाराने दोष नाहीसा झाला, तर त्या माणसाला त्याचा वाटा मिळावा. जडाच्या बाबतीत ही सवलत बहुधा कागदावरचीच. जन्मजात बुद्धिमांद्याला असे औषध तेव्हा नव्हते आणि आजही नाही.

प्रौढ मतिमंदांच्या निवासाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने आरंभ इमारतींपासून करू नये, असे मला वाटते. आपल्याकडे या माणसांसाठी पहिली निवासी संस्था म्हणजे कुटुंबच होते, आणि तिचे नियमपत्र म्हणजे वरील दोन श्लोक. त्या नियमपत्रात अन्न आहे, वस्त्र आहे. इच्छा नाही, सोबत नाही, काम नाही. एकत्र कुटुंबात असा मुलगा सहज सामावून जाई, हे आपल्याकडे फार अभिमानाने सांगितले जाते. पण जेथे न दिल्याबद्दल पातित्याची धमकी घालावी लागते, तेथे न देणारे पुष्कळ असणार, हे स्मृतिग्रंथ वाचणाऱ्याने ओळखायला हवे. आणि जे दिले जाई ते कोणाच्या हातून दिले जाई, हा प्रश्न तर शास्त्रकारांच्या मनातही आला नाही. तो हात आईचा, आईच्या माघारी भावजयीचा. ग्रासाच्छादनाचे ऋण पुरुषाचे आणि ते फेडण्याचे श्रम बाईचे, अशी ही वाटणी होती.

त्या घासाची चव कशी असे याची साक्ष धर्मशास्त्रात नाही, पुराणात आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधातील जडभरताची कथा सर्वश्रुत आहे. वडील गेल्यावर सावत्र भावांनी त्याला जड समजून शेताच्या राखणीला लावले आणि खायला घातले ते कण्या, पेंड, कोंडा, करपलेले अन्न. तो ते अमृतासारखे खाई, असे पुराणकार सांगतो. पुढे चोरांच्या नायकाने त्याला भद्रकालीपुढे बळी देण्यासाठी धरून नेले. त्यातून सुटल्यावर राजाच्या पालखीला खांदा देण्यासाठी त्याला वाटेवर पकडले. शेत राखणे, ओझे वाहणे आणि कोणाच्याही हाती सापडणे, हा अशा माणसाच्या आयुष्याचा आलेख पुराणकाराने निर्विकारपणे काढला आहे. सामाजिक दस्तऐवज म्हणून भागवतातील ही काही पाने फार मोलाची आहेत.

पण कथेचे मर्म तेथे नाही. भरत जड नव्हताच. तो पूर्वजन्मीचा ज्ञानी, संग टाळण्यासाठी जडत्वाचे सोंग घेतलेला. पालखी उचलता उचलता तो राजा रहूगणाला अध्यात्म ऐकवतो आणि राजा त्याच्या पायांवर लोटांगण घालतो. आता प्रश्न असा, की तो खरोखरच जड असता तर? पालखी वाहणाऱ्या माणसाला काहीच बोलता आले नसते तर? त्या माणसासाठी पुराणकाराजवळ कथा नाही. मराठीने मात्र या बाबतीत विलक्षण प्रामाणिकपणा दाखवला. आमच्या बोलण्यात 'जडभरत' ही शिवीच राहिली. कथेतले ज्ञान गळून गेले आणि मंद, आळशी, कुचकामी माणूस तेवढा शब्दात उरला.

हीच अडचण रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंच्या बाबतीत अधिक गोड रूपाने येते. तेराव्या शतकातील हे महानुभाव पंथाचे आराध्य, चक्रधरस्वामींचे गुरू. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या त्यांच्या चरित्रात ते कोणाच्याही घरात शिरतात, कोणाच्याही पानातले खातात, मुलांशी खेळतात, हसतात, रागावतात, मारतातही. गाव त्यांना वेडे म्हणते आणि त्याच श्वासात आई-बाप म्हणते. या चरित्रात एक संपूर्ण गाव एका माणसाचे घर झालेले दिसते. प्रत्येक दार उघडे आणि प्रत्येक चुलीवर त्याचा हक्क. मराठी गद्याच्या आरंभीच असे गाव उभे आहे, ही मला नेहमीच आनंदाची गोष्ट वाटत आली आहे. तरीही येथे सावध राहिले पाहिजे. ते वेड ईश्वराचे आहे, असे सांगणाऱ्याला ठाऊक आहे. गावातल्या दुसऱ्या एखाद्या खुळ्याला त्याच चुलीवरून काय मिळाले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. आपल्या परंपरेने मंदतेचा आदर केला तो ती मंदता खोटी असल्याची खात्री पटल्यावर, हे माझे मत कठोर वाटेल. पण ते खोडून काढणारे उदाहरण मला आजवर आढळलेले नाही.

भारतीय उपखंडात कुटुंबाबाहेरचे एक जुने निवासस्थान मात्र निश्चित सांगता येते. पंजाबातील गुजरात या गावी, जे आज पाकिस्तानात आहे, सतराव्या शतकातील सूफी संत शाहदौला यांचा दर्गा आहे. लहान डोक्याची, मंद बुद्धीची मुले तेथे अर्पण केली जात. लोक त्यांना शाहदौल्याचे उंदीर म्हणत. ती तेथेच वाढत आणि प्रौढपणी फकिरांबरोबर गावोगाव भिक्षा मागत. दर्ग्यात निरोगी मुलांच्या डोक्याला लोखंडी टोप घालून त्यांना असे बनवले जाते, अशी वदंता शतकभर चालली. डॉक्टरांनी तपासले तेव्हा जन्मजात, बहुतांशी आनुवंशिक कारणाकडेच बोट गेले. मंटोने या दर्ग्यावर 'शाहदौले का चूहा' ही कथा लिहिली. नवसाने झालेले पहिले मूल दर्ग्याला द्यावे लागलेली आई त्या कथेच्या केंद्रस्थानी आहे. मंटोचा राग न्याय्य आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहता या दर्ग्याला दुसरी बाजूही आहे. ज्या मुलाला घरात कोणी ठेवून घेणार नव्हते त्याला तेथे छप्पर होते, सोबती होते, आणि भिक्षेच्या का होईना, पण एका कामाचे नाव होते. आश्रय आणि शोषण एकाच छपराखाली नांदतात. हा प्रकार तेथे संपत नाही, पुढच्या प्रत्येक शतकात तो नव्या कपड्यांत दिसतो.

इंग्रजी अंमलाने वेड्यांची इस्पितळे आणली. मुंबई इलाख्यात आणि मध्य प्रांतात ती क्रमाने उभी राहिली. रत्नागिरी, नागपूर, ठाणे, येरवडा ही नावे मराठी माणसाच्या बोलण्यात थट्टेची होऊन बसली. १९१२ च्या भारतीय वेडेपणाच्या कायद्याने 'वेडा' या शब्दाच्या व्याख्येतच जन्मजात मतिमंदाला घातले. विज्ञानेश्वराने वेगळे ठेवलेले जड आणि उन्मत्त एका कोठडीत आले. मजेची गोष्ट अशी, की नेमक्या पुढल्या वर्षी, १९१३ साली, खुद्द इंग्लंडने मतिमंदांसाठी वेगळा कायदा केला. तेथे ही वाट आधीच चोखाळली गेली होती. सरे परगण्यातील अर्ल्सवुडची मतिमंदांसाठीची प्रचंड वास्तू १८५५ पासून चालू होती, आणि तेथील अधीक्षक जॉन लँग्डन डाउन याने १८६६ साली ज्या लक्षणसमूहाचे वर्णन केले तो आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. १९१३ च्या कायद्याने मात्र उपकाराचे रूपांतर बंदोबस्तात केले. मतिमंद ठरवलेल्यांना समाजापासून दूर, वसाहतींत ठेवायचे. त्यांना मुले होऊ द्यायची नाहीत. सरकारी मदतीवर असताना अविवाहित मातृत्व आलेली गरीब मुलगीही या कायद्याच्या जाळ्यात सापडू शके. काहींनी तेथे पन्नास-पन्नास वर्षे काढली. १९६९ साली कार्डिफच्या इली रुग्णालयाविषयीचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या भिंतींआडच्या मारहाणीला आणि चोऱ्यांना वाचा फुटली, आणि मग तीस-चाळीस वर्षे ती रुग्णालये रिकामी करण्यात गेली. रिकामी करूनही प्रश्न मिटला नाही. २०११ साली ब्रिस्टलजवळच्या एका छोट्या खाजगी रुग्णालयातील छळ दूरचित्रवाणीच्या छुप्या कॅमेऱ्याने टिपला.

इंग्रज सरकारने १९१३ चा कायदा हिंदुस्थानात आणला नाही. त्यामागे करुणा नव्हती, खर्च होता. त्या काटकसरीमुळे आपण वसाहतींच्या भिंतींतून वाचलो, हे खरे. पण त्याच काटकसरीमुळे या माणसांसाठी वेगळा विचार, वेगळे शिक्षण, वेगळा निवास यांचा आरंभही लांबला. मालमत्तेच्या बाबतीत तेवढे पाऊल पडले. १९२८ च्या कायद्याने अपंग हिंदूंवरील वारशाची बंदी उठवली, परंतु जन्मापासून वेडा वा जड असलेल्याला त्यातून मुद्दाम वगळले. अंध सुटला, बहिरा सुटला, मुका सुटला. यादीतला जड तेवढा मागे राहिला. त्याला वाटा मिळाला तो १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने. मनूपासून मोजायचे तर दीड-दोन हजार वर्षांनी.

स्वातंत्र्याच्या आगेमागे मुलांसाठी संस्था निघाल्या. मुंबईत एका पारशी दांपत्याने आपल्या मुलीसाठी आरंभलेल्या वर्गातून १९४४ साली जय वकील शाळा उभी राहिली. पुण्यात १९६४ साली 'कामायनी'. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत शाळा आल्या. या शाळांनी मराठी समाजाला 'मतिमंद' हा शब्द शिकवला. त्यापूर्वी आपल्याजवळ खुळा, वेडसर, भोळसट, ठोंब्या एवढीच संपत्ती होती. पण सगळी योजना मुलांची होती. मतिमंद हा शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे मूलच येई, आणि त्याला तसे कारणही होते. डाउन सिंड्रोम असलेल्यांचे सरासरी आयुर्मान अमेरिकेसारख्या देशातही १९८३ साली सुमारे पंचवीस वर्षे होते. आज ते साठीच्या आसपास आले आहे. हृदयावरील शस्त्रक्रिया, प्रतिजैविके आणि मुख्यतः संस्थांत न टाकता घरी वाढवणे यांनी हा फरक घडवला. म्हणजे पन्नाशीचा मतिमंद माणूस ही इतिहासातील जवळजवळ नवी व्यक्ती आहे. तिच्यासाठी ना शास्त्राने जागा आखली होती, ना सरकारने, ना शाळांनी. शाळा अठराव्या वर्षी संपते आणि मूल संपत नाही.

मराठी जनमानसात या प्रौढाने प्रवेश केला तो १९९१ च्या 'चौकट राजा' या चित्रपटातून. दिलीप प्रभावळकरांचा नंदू आणि सुलभा देशपांडे यांनी उभी केलेली त्याची आई यांना मराठी प्रेक्षक विसरलेला नाही. अभिनयाविषयी बोलण्याचे हे स्थळ नव्हे. पण कथेत नंदू जन्मतः मंद नाही. लहानपणी झोपाळ्यावरून पडून त्याच्या डोक्याला मार लागलेला आहे. पुराणकाराला पूर्वजन्मीचे ज्ञान लागले, आपल्या पटकथाकाराला अपघात लागला. कारणावाचून मंद असलेला माणूस आपल्याला अजूनही गोष्टीत चालत नाही. आईच्या माघारी याचे काय, ही त्या चित्रपटातली चिंता मात्र शंभर नंबरी खरी होती, आणि घराघरांतून ती चोरून बोलली जात होती.

१९८७ साली नवा मानसिक आरोग्य कायदा मंजूर झाला आणि १९९३ मध्ये तो अंमलात आला. त्याने 'मानसिक रुग्ण' या व्याख्येतून बुद्धिमांद्य वगळले. शास्त्रीय दृष्ट्या हे योग्यच झाले. ऐंशी वर्षांनी जड आणि उन्मत्त पुन्हा वेगळे झाले. पण जुन्या कोठडीतून सुटलेल्याला जायला नवी खोली नव्हती. अपंगांचा कायदा १९९५ चा, आणि राष्ट्रीय न्यासाचा कायदा १९९९ चा. मधल्या या पोकळीतच शिरूरचे प्रकरण घडले.

फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील मतिमंद मुलींच्या शासकीय गृहातील काही स्त्रियांना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशये काढण्यात आली. 'मुलींचे गृह' हे केवळ नाव. आत प्रौढ स्त्रिया राहत होत्या. दिलेले कारण असे, की मासिक पाळीच्या काळात त्यांना स्वतःची स्वच्छता राखता येत नाही. स्त्रीसंघटना आणि आरोग्य चळवळीतील कार्यकर्ते यांनी आवाज उठवला आणि उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्यानंतर वृत्तपत्रांतून मोठा वाद झाला. त्या वादातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की शस्त्रक्रियांच्या बाजूने बोलणारे सगळेच दुष्ट नव्हते. त्यांत डॉक्टर होते, मुलींचे पालक होते. ज्या आईने पंधरा-वीस वर्षे आपल्या उंच, दांडग्या, न बोलणाऱ्या मुलीचे कपडे धुतले, तिच्या तोंडून 'काढून टाका' हे शब्द निघाले, तर तिला अमानुष म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणाला आहे? आईचा प्रश्न आणि शासनाचा प्रश्न मात्र एक नव्हे. आईजवळ दोन हात होते आणि तेही थकत चालले होते. शासनाजवळ माणसे नेमण्याची, त्यांना शिकवण्याची, पाणी आणि कपडे पुरवण्याची सत्ता होती. अनेक मतिमंद मुलींना धीराने शिकवल्यास पाळीची स्वच्छता स्वतः राखता येते, हे विशेष शिक्षणातले नेहमीच्या अनुभवाचे ज्ञान आहे. शिकवण्याला वेळ लागतो. शस्त्रक्रियेला लागत नाही. वादात हळूच दुसरा मुद्दाही डोके वर काढी, तो म्हणजे अत्याचार झाला तर गर्भ राहू नये. म्हणजे संस्थेच्या कुंपणाआड बलात्कार होणार हे गृहीत, आणि त्यावर उपाय स्त्रीच्या शरीरात! स्वतः त्या स्त्रियांचे म्हणणे काय, हा प्रश्न त्या गदारोळात फार थोड्यांनी विचारला.

तो प्रश्न न्यायालयात विचारला गेला पंधरा वर्षांनी, चंदीगडच्या एका खटल्यात. शासकीय निवासातील सौम्य बुद्धिमांद्य असलेली तरुण अनाथ स्त्री त्या व्यवस्थेतच झालेल्या अत्याचारातून गरोदर राहिली. प्रशासनाने गर्भपाताची परवानगी मागितली आणि उच्च न्यायालयाने ती दिली. तिला मूल हवे होते. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा आदेश रद्द केला. बुद्धिमांद्य म्हणजे मनोविकार नव्हे आणि अशा प्रौढ स्त्रीची संमती टाळून गर्भपात करता येणार नाही, असे ठरवले. या निर्णयावर मतभेद होते, आजही आहेत. मूल वाढवणार कोण, हा आक्षेप पोकळ नाही. तरीही ज्या माणसाला हित-अहित कळत नाही अशीच ज्याची व्याख्या होती, त्याच्या होकार-नकाराला प्रथमच एवढ्या उंचीवर वजन मिळाले, याची नोंद इतिहासाला घ्यावीच लागेल.

शिरूरच्याच वर्षी, त्याच पुणे जिल्ह्यात, मुळशी तालुक्यातील कोळवण खोऱ्यात 'साधना व्हिलेज' सुरू झाले. दोन घटनांत काही संबंध नाही. पण एकाच पंचांगातली ही दोन पाने शेजारी ठेवून वाचावीशी वाटतात. येथे प्रौढ मतिमंद रहिवाशांना विशेष मित्र म्हटले जाते आणि त्यांच्याबरोबर कार्यकर्ते कुटुंबासारखे राहतात. शेत, गोठा, स्वयंपाक, हातकाम यांत ज्याला जे जमेल ते त्याने करायचे. बरोबर राहणे ही कल्पना भारतात त्याआधी १९७० साली बंगळूरच्या 'आशा निकेतन'ने रुजवली होती. फ्रान्समधील त्रोस्ली-ब्रय या खेड्यात जाँ व्हानिये याने १९६४ साली दोन मतिमंद पुरुषांना संस्थेतून आणून आपल्याबरोबर एका घरात ठेवले आणि 'लार्श' ही चळवळ जन्मली. आशा निकेतन हे तिचे भारतीय रूप. मूळ प्रेरणा ख्रिस्ती असली तरी आशा निकेतनात सर्व धर्मांचे लोक आरंभापासून एका पंक्तीला बसत आले आहेत. सेवक आणि सेव्य ही विभागणीच या घरांना मान्य नव्हती. त्याच व्हानियेने अनेक स्त्रियांचे, त्या मतिमंद नव्हत्या, आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून लैंगिक शोषण केले होते, हे त्याच्या मृत्यूनंतर, २०२० साली खुद्द लार्शने नेमलेल्या चौकशीतून उघड झाले आणि २०२३ च्या अहवालाने ते अधिक विस्ताराने मांडले. शाहदौल्याच्या दर्ग्याविषयी वर जे लिहिले ते येथे पुन्हा आठवते. संस्थापकाच्या पूजेवर उभ्या असलेल्या आपल्याकडील सेवाभावी संस्थांनी हे अहवाल वाचायला हवेत. लार्शने स्वतःच्या संस्थापकाची चौकशी स्वतः केली आणि ती छापली, ही गोष्टही त्याच वाचनात ध्यानात यावी.

महाराष्ट्रात खरी हालचाल केली ती पालकांनी. बदलापूरचे 'आधार' किंवा डोंबिवलीजवळचे 'घरकुल' या नावांतच त्यांची गरज बोलते. मध्यमवर्गीय, बहुधा निवृत्तीला आलेले आईबाप एकत्र आले, जमीन घेतली, खोल्या बांधल्या. अशा घरांचे अर्थशास्त्र साधे असते. एकरकमी ठेव द्यायची, तिच्या व्याजावर आणि देणग्यांवर मुलाचा आयुष्यभराचा खर्च चालवायचा. १९९० च्या दशकात बँका मुदतठेवीवर दहा-बारा टक्के व्याज देत, तेव्हा हे गणित सुटत होते. पुढे व्याज निम्म्यावर आले, भाज्या आणि पगार दुप्पट-तिप्पट झाले, आणि रहिवासी मात्र अपेक्षेपेक्षा अधिक जगू लागले. डाउन सिंड्रोम असलेल्यांना तर चाळिशी-पन्नाशीतच स्मृतिभ्रंश गाठतो. ज्याने वीस वर्षे खपून स्वतः अंघोळ करायला शिकले, तो ती विसरतो. त्याला शिकवणारी आई तोवर गेलेली असते किंवा स्वतःच अंथरुणाला खिळलेली असते.

राष्ट्रीय न्यासाच्या १९९९ च्या कायद्याने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बुद्धिमांद्य आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी पालक नेमण्याची सोय केली. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती ही नेमणूक करते. न्यासाने 'समर्थ', 'घरौंदा' अशा निवासी योजनाही आखल्या. गरजेच्या मानाने त्यांचा विस्तार तोकडाच राहिला. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत त्या माणसाच्या स्थावर-जंगम मालमत्तेची, येण्या-देण्याची यादी सादर करावी आणि दर वर्षी हिशेब द्यावा, असे हा कायदा सांगतो. हे आवश्यकच आहे. ज्यांचा वाटा भावांनी गिळला अशी उदाहरणे प्रत्येक तालुक्यात सापडतील. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मात्र वेगळीच भाषा वापरली. अपंग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, विशिष्ट निवासव्यवस्थेतच राहण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही. एक कायदा विचारतो, याचे काय आहे आणि ते कोण सांभाळणार. दुसरा विचारतो, याला कोठे राहायचे आहे. जिल्हा कार्यालयात या दोन्ही कायद्यांचे अर्ज एकाच टेबलावर येतात.

ज्यांना पालकच नाहीत त्यांची गोष्ट आणखी निराळी. अमरावती जिल्ह्यात, रिद्धपूरपासून फार दूर नाही अशा वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी रस्त्यांवर, फलाटांवर, उकिरड्यांवर सापडलेल्या अपंग आणि मतिमंद मुलांना वाढवले. शंभराहून अधिक मुलांच्या कागदपत्रांवर वडील म्हणून त्यांचेच नाव आहे. बालगृहांचा नियम असा, की अठरा वर्षे पूर्ण झाली की मुलाने गृह सोडायचे. सोडून कोठे जायचे, ते नियमात नाही. पापळकरांनी आपल्या मुलांना जाऊ दिले नाही. अठरा वर्षांवरील बेवारस मतिमंदांना संस्थेतच आजीवन राहू देणारा कायदा व्हावा, ही मागणी घेऊन ते अनेक वर्षे शासनाच्या पायऱ्या चढत राहिले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यानंतरही मागणी तीच राहिली. वझ्झरच्या आवारातली पहिली मुले आता चाळिशीकडे झुकली आहेत, आणि शासनाच्या नोंदवहीत ते अजूनही बालगृहच आहे.